जुन्या काबिजादी, नव्या काबिजादी आणि सासऱ्यांची वाटणी

कवळ्याची सून

सासरे गेले त्याला मे महिन्यात वर्ष होईल. वाटणीचं काम काढायचं म्हणून मागच्या आठवड्यात आम्ही फोंड्याला वकिलांकडे गेलो. मी मूळची डोंबिवलीची. लग्न होऊन इथे गोव्यात, कवळ्याला, बावीस वर्षं झाली, पण कागदपत्रांच्या वाटेला कधी गेले नव्हते. वकील म्हणाले, "वहिनी, तुम्हालाही सह्यांना यावं लागेल." मी म्हटलं, जमीन सासऱ्यांची, वारस हे आणि नणंद, माझं काय काम? तर म्हणाले, "यांना जे येईल त्यात अर्ध्या तुम्ही." सासूबाई तर आधीपासूनच अर्ध्याच्या मालकीण. उरलेल्या अर्ध्यात भाऊ-बहीण सारखे. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं असतं तरी स्वतःच्या हिश्शाच्या निम्म्यापलीकडे त्यांना मनाजोगतं काही करता आलं नसतं.

डोंबिवलीच्या चुलतबहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्याकडे बायकांची चैन आहे गं.

घरी येऊन थोडं वाचलं. हा कायदा पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता. १८७०पासून गोव्यात लागू. पोर्तुगालने स्वतः ती १९६६मध्ये मोडीत काढली आणि नवी आणली. म्हणजे लिस्बनमध्ये जो कायदा मेला तो कवळ्यात जिवंत आहे. कारण मधे १९६१चा डिसेंबर आला. भारतीय सैन्य आलं, गोवा मुक्त झाला आणि १९६२च्या कायद्याने तोवरचे कायदे बदल होईपर्यंत तसेच चालू ठेवले. वारसाहक्काचा भाग अलीकडे इथल्या विधानसभेने नव्याने लिहिला, पण साचा तोच. गंमत बघा, तीच लढाई दहा वर्षांनी झाली असती तर माझ्या नशिबी कदाचित दुसराच कायदा असता. दीड-दोन दिवसांच्या लढाईची तारीख माझ्या सहीवर येऊन बसली आहे.

तेव्हापासून डोक्यात हेच. पाठ्यपुस्तकात लढाई म्हणजे कोण जिंकला, कोण हरला. पण ती संपल्यावर घराघरात काय उरलं, ते कुणी सांगत नाही. तुमच्याकडे काय उरलंय? शेतात, ताटात, देवळात, पेटीतल्या कागदांत? कृपया कोण थोर आणि कोण दुष्ट यावर येऊ नका, त्याचे धागे भरपूर आहेत.

मानशीकडचा गांवकार

वहिनी, चांगला विषय काढलात. पण चैन म्हणण्याआधी आमच्याकडे या. मी तिसवाडीतला गांवकार. आमची कोमुनिदाद, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणारी जुनी गांवकारी, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासूनची. त्यांनी १५१०मध्ये आदिलशहाकडून तिसवाडी घेतली खरी, पण सारा गोळा करायचा तर गाव चालतो कसा हे कळायला हवं. म्हणून १५२६मध्ये त्यांनी गांवकारीच्या चालीरीती लिहून काढल्या, तो फोराल. जिंकणाऱ्याने हरलेल्यांचा रिवाज कागदावर उतरवला आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारला. त्या शिक्क्यामुळेच तो टिकला असं माझं मत.

आता कडू भाग. गांवकारपण बापाकडून मुलाला. वर्षाचं जोण, म्हणजे गांवकारीच्या उत्पन्नातला वाटा, माझ्या मुलाला मिळणार, मुलीला नाही. तुमच्या संहितेत लेक सारखी वाटेकरी, आणि आमच्या गांवकारीत तिचं नावसुद्धा नाही. एका घरात दोन जमाने नांदतात. माझी मुलगी वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जेवताना रोज मला कोर्टात उभं करते.

आणि खाजन. नदीचं खारं पाणी अडवायला घातलेला बांध, त्यात मानस, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्या दाबानेच फळ्या मिटतात. ना मोटार, ना वीज. आदिलशाही गेली, पोर्तुगीज गेले, फळ्या भरतीला मिटतच राहिल्या. बांध धोक्यात आला तो शांततेच्या काळात. १९६४चा कूळकायदा आला, पुढे शेत कसणाऱ्याकडे गेलं, ते न्याय्यच होतं. पण पूर्वी कोमुनिदाद बांधाला माती घालायची, आता ते काम कुळांच्या संघटनेचं. मानशीतल्या मासळीचा लिलाव मात्र सगळ्यांना हवा. बांधाला भगदाड पडलं की मग सगळे एकमेकांकडे बघतात.

पेडणेकर पावणो

दोघांनाही दंडवत. पण सगळा गोवा एका मापाने मोजू नका. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख; नंतर घेतलेल्या त्या नव्या. बार्देश-साष्टी १५४३मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. आमचं पेडणं गेलं १७८८मध्ये, म्हणजे अडीचशे वर्षांनी. तेवढ्या काळात पोर्तुगीजच बदलले होते. सोळाव्या शतकात देवळं पाडणारे अठराव्या शतकात देवस्थानांना हात लावणार नाही असं वचन देत होते. म्हणून म्हापशाहून पेडण्याकडे येताना रस्त्याकडेचे खुरीस (क्रूस) कमी होत जातात आणि तुळशीवृंदावनं वाढत जातात. बसच्या खिडकीतून बघितलं तरी अठरावं शतक कुठे लागतं ते कळतं.

नव्या काबिजादी त्यांनी घेतल्या तरी का? माझा तर्क सांगतो, पटला नाही तर सोडून द्या. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच साली व्यंकटराव घोरपड्यांची फौज साष्टीत घुसून मडगावापर्यंत आली होती. उत्तरेचं फिरंगाण, म्हणजे वसईकडचा पोर्तुगीज मुलूख, गेलं, तेव्हा पोर्तुगीजांना गोव्याभोवती जमिनीची तटबंदी हवीशी झाली. पुढे पानिपत झालं, मराठ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं, १७६३मध्ये हैदर अलीच्या फौजेपुढे सोंद्याचा राजा पळून गोव्याच्या आसऱ्याला आला आणि फोंड्यापासून काणकोणापर्यंतचा मुलूख त्यांच्या हाती पडला. वसईच्या विजयाचे नगारे आपण अजून वाजवतो, पण त्याची एक किंमत सत्तरी-पेडण्याने मोजली असं मला वाटतं. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र महाराष्ट्रातल्या देवळांत वाजतात. भीमाशंकरची ऐकली आहे मी.

भगवा जुवेकर

पोर्तुगीजांचं हे कौतुक कशासाठी चाललंय? ज्यांनी इन्क्विझिशन, म्हणजे लोकांना छळणारं धर्मन्यायालय, आणलं त्यांच्या कायद्याची ओवाळणी? १६८३मध्ये संभाजी महाराजांनी आमचं जुवें बेट घेतलं तेव्हा पोर्तुगीज विसरेईची (व्हॉइसरॉयची) गाळण उडाली होती. शहाआलम मोगल फौज घेऊन पाठीवर आला नसता तर आज हा धागाच निघाला नसता.

कवळ्याची सून

जुवेकर, ओवाळणी कुठे दिसली? दोन सह्यांचं आश्चर्य वाटलं तेवढंच लिहिलं. इन्क्विझिशन १५६०ला सुरू झालं आणि १८१२ला कायमचं बंद झालं, हे मला ठाऊक आहे. माझ्या सासरची शांतादुर्गा केळशीहून नदी ओलांडून कवळ्याला आली ती हौसेने नव्हे.

आणि "समान कायदा" म्हणून जी वाहवा चालते तिच्यातलंही वाचलं मी. १८८०च्या हिंदूंसाठीच्या हुकुमात पहिल्या बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नसेल, किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची वाट ठेवली आहे. आज कुणी वापरत नाही म्हणतात. पण ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगते. मला एकच मुलगी आहे.

मिरी आणि मिरची

ताई, तुमची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, मंगेशीचा मंगेश हे सगळे फोंडा महालात आले तेव्हा फोंडा कुणाचा होता? आदिलशहाचा. कुशस्थळीहून मंगेशाचं लिंग १५६०मध्ये प्रियोळला आणलं, आणि फोंड्याची साफा मशीदही त्याच काळातली. म्हणजे फिरंग्यांपासून वाचलेल्या देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या हद्दीत. हे जुवेकरांनाही सांगितलं पाहिजे आणि उलट्या बाजूच्या हट्टी लोकांनाही. इतिहासाला कुणाचीच सोय बघायची सवय नाही. पुढे कवळ्याचं आत्ताचं देऊळ १७३८च्या सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. त्याचा घुमट, त्या कमानीच्या खिडक्या बघा आणि मग नदीपलीकडची चर्चं बघा. ज्यांच्यामुळे देवीला पळावं लागलं त्यांच्याच गवंडीकामाची ढब घुमटात आली. कारागिराने जे पाहिलं ते बांधलं.

मी लिहायला आले होते खाण्यावर. माझी आजी श्राद्धाच्या स्वयंपाकात बटाटा, कोबी, मिरची घालत नसे. तिखटाला मिरी. लहानपणी वाटायचं, पितरांना पोटाचा त्रास असेल. मोठेपणी लक्षात आलं की श्राद्धाचं ताट म्हणजे १५१०च्या आधीचा गोवा आहे. बटाटा, मिरची, काजू, पपई, अननस, पेरू हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीज गलबतांवरून आलं. आजीला हे ठाऊक नव्हतं, "ते आपलें न्हय" एवढंच ती म्हणायची. तिला न सांगता तिच्या चुलीने साडेचारशे वर्षं हिशेब ठेवला. बाकी ३६४ दिवस मात्र मिरचीशिवाय तिचं हुमण (माशांची आमटी) होत नसे!

वास्को यार्ड

फोंड्यातून जरा बंदराकडे या मंडळी. आमच्या मुरगांवात दुसरं महायुद्ध झालं, आणि ते पुस्तकात चार ओळींतसुद्धा नसतं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध पेटल्यावर तीन जर्मन जहाजं आणि एक इटालियन इथे येऊन अडकून पडली. त्यातल्या एहरनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी खबर जाते असा इंग्रजांना संशय. तटस्थ बंदरात सैन्य घालता येईना, तेव्हा कोलकात्याहून हौशी घोडदळातले पोट सुटलेले व्यापारी-कंपनीवाले एका गाळ वाहणाऱ्या बोटीवरून आणले. ९ मार्च १९४३च्या रात्री हल्ला. जर्मनांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. १९७८पर्यंत ही गोष्ट गुपित होती. १९४३च्याच ऑक्टोबरात याच बंदरात जपानी आणि अमेरिकी कैद्यांची-नागरिकांची अदलाबदल झाली. आमचे आजोबा बंदरावर हमाल होते. ते म्हणायचे, एका बाजूने गोरे उतरत होते आणि दुसऱ्या बाजूने जपानी, आणि मधे आम्ही ट्रंका वाहत होतो.

पण मला सांगायचं ते पुढचं. युद्धात भस्म झालेल्या जपानला पोलाद हवं होतं, पोलादाला खनिज. १९५५मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीजांनी खाणींवर जोर दिला. डिचोली, सांगे, सत्तरीचे डोंगर मांडवी-जुवारीच्या बार्जींतून मुरगांवला आणि तिथून जपानला गेले. खाणीचे पट्टे पोर्तुगीज काळचे, कायमचे. ते १९८७मध्ये कायद्याने रद्द होऊन साधे पट्टे झाले, २०१२मध्ये खाणी थांबल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. माझा भाऊ ट्रक चालवायचा. त्याच्या दारात चार वर्षं उभा राहिलेला ट्रक हिरोशिमाच्या बाजूने बघितला तर दुसऱ्या महायुद्धाचंच शेपूट आहे. ताणून लिहितोय असं वाटेल, पण कर्जाचे हप्ते ताणलेले नव्हते.

पेडणेकर पावणो

वास्को, शेवटच्या वाक्याला नमस्कार.

स्विंडनची शिफ्ट

वाचत होतो, आता राहवत नाही. मूळ डिचोलीचा, इंग्लंडात स्विंडनला गोदामात काम करतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलो. आजोबा १९६१च्या आधी जन्मले, त्यांचा जन्म लिस्बनच्या नोंदणीत चढवला, मग बाबांचा, मग माझा. डिचोलीच्या जन्मनोंदीतल्या एका अक्षराच्या चुकीपायी कचेरीत अकरा हेलपाटे मारले.

आता तुमच्या १९६१चं दुसरं टोक ऐका. सालाझारने गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वाला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला होता. त्याने ऐकलं नाही, १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली, आणि मायदेशी गेल्यावर सैन्यातून हाकलला गेला. त्याने हुकूम पाळला असता तर पणजी-मडगावात किती प्रेतं पडली असती, आणि मग कुठला गोंयकार त्यांचा पासपोर्ट हातात धरता? त्याच वर्षी अंगोलात युद्ध सुरू झालं, मग गिनी, मोझांबिक. त्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच एप्रिल १९७४मध्ये राजवट उलथली, आणि वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला. १९८६मध्ये ते युरोपीय समुदायात गेले आणि त्यांच्या पासपोर्टला इंग्लंडचं दार उघडलं. अंगोलाच्या जंगलातल्या लढाया नसत्या तर मी आज डिचोलीच्या बसस्टँडवर असतो. आई म्हणते, असतास तर बरं होतं.

भगवा जुवेकर

तुम्ही भारताचं नागरिकत्व टाकलंत, हे साध्या शब्दांत सांगा ना.

स्विंडनची शिफ्ट

टाकलं. सांगितलं. तुमच्या जुव्यातून किती गेलेत ते मोजा आणि मग मला विचारा.

संपादक

दोघांनीही थांबावं. तसंच कोंकणी-मराठी वादासाठी स्वतंत्र धागा आहे, तिथला कचरा इथे आणलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत.

कुंकळ्ळीचो नातू

संपादकांनी उडवलेल्यांपैकी एक माझा, पण तो नको तितका तापलेला होता, कबूल. थंड डोक्याने लिहितो.

१५ जुलै १५८३. कुंकळ्ळी, असोळणें, वेळ्ळी, आंबेली, वेरोडें ही पाच गावं. देवळं पाडल्याचा राग होता. नवी चर्च बांधायला जागा बघायला आलेल्या पाच जेझुइट धर्मप्रचारकांना गावकऱ्यांनी मारलं, सोबतच्यांनाही. नंतर बोलणी करायच्या मिषाने गावचे मुखत्यार असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापले. देवी शांतादुर्गा गावकऱ्यांनी आधीच फातर्प्याला हलवली होती. गाव नंतर ख्रिस्ती झालं.

पण शिगम्यात फातर्प्याहून देवी वाजतगाजत कुंकळ्ळीला येते, तो सत्र्यांचा, म्हणजे छत्र्यांचा उत्सव. बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, बारा सत्र्या, तांबड्या नि पांढऱ्या. त्या वांगडांतली काही घरं आज ख्रिस्ती आहेत, आणि तीही आपला मान घेतात. गुलाल उडतो तेव्हा कुणाच्या गळ्यात खुरीस आहे नि कुणाच्या जानवं ते दिसतच नाही, सगळे तांबडे. मी लहानपणी शेजारच्या अंकलला विचारलं होतं, तुम्ही आमच्या देवीला कसे? तो म्हणाला, "तुमची? आमी तुमचे आदीं हांगा आशिल्ले." (तुमच्याआधी आम्हीच इथे होतो.) वांगडाचा क्रम बघितला तर त्याचं बरोबर होतं.

जुवेकरांना एक विचारायचं आहे. मारले गेलेले ते मुखत्यार कुणाचे पूर्वज? माझे की अंकलचे?

भगवा जुवेकर

दोघांचे असणार. हे मी कधी असं मांडून बघितलं नव्हतं. बाकी माझी मतं आहेत तिथेच आहेत.

मिरी आणि मिरची

१६८३मध्ये महाराजांच्या फौजेपुढे ज्या विसरेईची गाळण उडाली, त्यानेच १६८४च्या जूनमध्ये हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. आणि त्याच मुलखात १६१६मध्ये पाद्री स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं होतं, ओवीत, मराठीत. सत्तर वर्षांत पोर्तुगीजांची दोन तोंडं. म्हणून "पोर्तुगीजांनी असं केलं" हे वाक्य मी साल विचारल्याशिवाय ऐकून घेत नाही. (संपादक, हा भाषावाद नाही, तारखा आहेत.)

कवळ्याची सून

सगळ्यांचे आभार. चुलतबहिणीला हा धागा पाठवला. तिने फक्त मिरीचा प्रतिसाद वाचला आणि आईला फोन करून विचारलं की आपण श्राद्धाला मिरची का घालत नाही. आई म्हणाली, "नाही घालत."

आता कामाचं. वाटणीच्या यादीसाठी जुनी पोर्तुगीज दस्तं काढली. दुर्भाटला सासऱ्यांचा एक तुकडा आहे, आम्ही कधी बघितलाही नाही. दस्तात त्याला "वार्झिआ" म्हटलं आहे, आणि पश्चिमेची हद्द "वालादु". एक-चौदाच्या (इथला सातबारा) उताऱ्यावर नुसता सर्व्हे नंबर. भाषांतर करणाऱ्याने वालादुला "कुंपण" लिहिलं आहे. नवरा म्हणतो तिथे कुंपण नाहीच, नदी आहे. कुणाला कळतं का?

मानशीकडचा गांवकार

वहिनी, वार्झिआ म्हणजे भातशेत, आणि वालादु म्हणजे कुंपण नव्हे, बांध. दुर्भाट जुवारीवर, म्हणजे तुमची जमीन खाजनात आहे. भाषांतर आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर यादीत कायमचं कुंपण बसेल. आणि तिथे मानस आहे का, असली तर फळ्या शाबूत आहेत का, ते पावसाआधी बघायला हवं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात विसरा.

कवळ्याची सून

तिथे शेवटचं भात कधी पिकलं ते सासूबाईंनाही आठवत नाही. आम्ही रविवारी जाऊन बघतो. बघून नक्की काय बघायचं?

मानशीकडचा गांवकार

दुपारी या आणि ओहोटीला या, भरतीत काही दिसत नाही. मला आदल्या दिवशी कळवा, वेळ बघून सांगतो. मुलीलाही घेऊन येईन, तिला दस्तं बघायची हौस आहे. चपला जुन्या घाला.